पीक कापणी प्रयोगांवरून सरासरी उत्पादन कसे काढावे? अंदाज, प्रमाण त्रुटी आणि विश्वास अंतराल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संख्याशास्त्राचे विद्यार्थी आणि पीक कापणीचे आकडे हाताळणारे कर्मचारी यांच्यासाठी हे पान आहे. बहुतेक उत्तरांत एकच उदाहरण चालवले आहे: एका महसूल मंडळात भाताचे १० कापणी प्रयोग (एक प्रयोग म्हणजे शेतातला ठरावीक मापाचा प्लॉट कापून, मळून त्याचे धान्य तोलणे). आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, ते कोणत्याही खऱ्या मंडळाचे नाहीत.

मंडळातले प्रत्येक खाचर मोजले नाही, तरी सरासरी कशी सांगता येते?

मंडळातल्या भाताखालच्या सगळ्या क्षेत्राला इथे समष्टी म्हणायचे. तिची खरी सरासरी एक ठरावीक आकडा आहे, पण तो कोणालाच ठाऊक नाही. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काही प्लॉटांची सरासरी हा त्या आकड्याचा अंदाज. दुसऱ्या चिठ्ठ्या निघाल्या असत्या तर अंदाज थोडा वेगळा आला असता. हा फरक साधारण किती असतो, हे हातातल्या नमुन्यावरूनच मोजता येते आणि विश्वास अंतराल, म्हणजे खरी सरासरी जिच्यात असावी असे आपण सांगतो ती पट्टी, त्यावरच उभा असतो. मात्र निवड खरोखर यादृच्छिक असायला हवी. रस्त्यालगतचे, उतरायला सोपे किंवा ‘दाखवण्याजोगे’ शेत निवडले, तर खाली दिलेली सगळी सूत्रे चालवता येतील, उत्तरही येईल, पण त्या उत्तराला अर्थ नसेल.

प्लॉट नेमका कसा निवडतात?

आधी गाव, मग पीक असलेला गट क्रमांक, मग शेतातली जागा. तिन्ही यादृच्छिक अंकांनी. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून मोजायला सुरुवात होते. भातासाठी ५ × ५ मीटरचा प्लॉट धरू. शेत ४२ मीटर लांब आणि १८ मीटर रुंद असेल, तर लांबीसाठी ० ते ३७ आणि रुंदीसाठी ० ते १३ यांमधला एकेक अंक काढायचा. लांबीच्या दिशेने तेवढे मीटर चालायचे, तिथून काटकोनात वळून रुंदीचे मीटर चालायचे आणि पहिली खुंटी ठोकायची. शेत वेडेवाकडे असेल आणि प्लॉट बांधाबाहेर जात असेल, तर अंकांची नवी जोडी काढा. प्लॉट सोयीने आत सरकवायचा नाही.

चारही खुंट्या ठोकल्यावर कर्ण मोजा. दोन्ही कर्ण ७.०७ मीटर आले, तरच तो चौरस. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि नेमकी हीच टाळली जाते. दोरी सैल राहून प्रत्येक बाजू ५.१ मीटर झाली, तर क्षेत्र २५ ऐवजी २६.०१ चौरस मीटर होते, म्हणजे उत्पादन ४ टक्के फुगते. दोरीवर येणाऱ्या रोपाचा निम्म्याहून जास्त बुंधा आत असेल तरच ते कापायचे. लोंब्या आत झुकल्या आहेत की बाहेर, हे पाहायचे नाही.

एवढासा प्लॉट पुरतो, तर आणखी छोटा का घेत नाहीत? काम लवकर होईल.

हा वाद भारतात १९४० च्या दशकात रंगला होता. बंगालमध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या चमूने लहान वर्तुळाकार कापण्या वापरल्या. दुसऱ्या बाजूचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकून आलेले. भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना त्यांनी दाखवले की फार छोट्या प्लॉटांतून उत्पादन सातत्याने जास्त येते. कारण काठावरचे रोप शंकास्पद असेल तर कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे झुकतो.

काठाचे प्रमाण हिशेबाने पाहू. २ फूट त्रिज्येच्या वर्तुळात दर चौरस फुटामागे १ फूट काठ असतो. परिषदेच्या ३३ × १६.५ फुटांच्या प्लॉटात, म्हणजे एकराच्या ८० व्या भागात, तो ०.१८ फूट असतो. ५ × ५ मीटरच्या चौरसात तो सुमारे ०.२४ फूट येतो. काठ जितका जास्त, तितकी चूक जास्त, आणि ती नेहमी एकाच बाजूला.

एका प्लॉटाच्या वजनावरून हेक्टरी क्विंटल कसे काढायचे?

२५ चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा ४०० वा भाग. किलोला ४०० ने गुणून १०० ने भागायचे, म्हणजे थेट ४ ने गुणले की झाले.

पण किलो वाळलेल्या धान्याचे हवेत. मळणी आणि उफणणी होताच केलेले वजन ७.५ किलो आणि ओलावा २२ टक्के असेल, तर १४ टक्के ओलाव्याला ते ७.५ × ७८ ÷ ८६, म्हणजे ६.८ किलो होते. ही दुरुस्ती विसरली तर २७.२ क्विंटलचे ३० क्विंटल होतात.

विश्वास अंतराल काढायच्या पायऱ्या सांगा.

दहा प्लॉटांची वाळलेली वजने, किलोमध्ये: ६.२, ७.८, ५.४, ८.१, ६.९, ७.३, ४.८, ७.६, ६.५, ७.४.

पहिली पायरी, सरासरी. बेरीज ६८.०, भागिले १०, म्हणजे ६.८ किलो.

दुसरी, प्रमाण विचलन. प्रत्येक वजनातून ६.८ वजा करा, वर्ग करा, बेरीज घ्या. ती १०.३६ येते. तिला १० ने नव्हे, ९ ने भागा: १.१५१. वर्गमूळ १.०७३ किलो. नऊने भागायचे कारण असे की विचलने खऱ्या सरासरीपासून नाही, नमुन्याच्याच सरासरीपासून मोजली आहेत आणि ती सरासरी याच दहा आकड्यांच्या मध्यावर बसलेली आहे. त्यामुळे वर्गांची बेरीज थोडी कमी पडते. ९ ने भागल्याने ती तूट भरून निघते.

तिसरी, प्रमाण त्रुटी. १.०७३ ÷ √१० = ०.३३९ किलो.

चौथी, टी-तक्ता. स्वातंत्र्य मात्रा, म्हणजे निरीक्षणांच्या संख्येतून एक वजा: १० − १ = ९. दोन्ही टोके मिळून ५ टक्के सोडायचे असतील तर तक्त्यातला आकडा २.२६२.

पाचवी, गुणाकार. २.२६२ × ०.३३९ = ०.७६८ किलो. ४ ने गुणून हेक्टरी ३.१ क्विंटल.

उत्तर: हेक्टरी सरासरी २७.२ क्विंटल, ९५ टक्के विश्वास अंतराल २४.१ ते ३०.३ क्विंटल.

मधल्या पायऱ्यांत आकडे गोल करू नका. शेवटी एकदाच करा, तेही एका दशांशापर्यंत. ज्या अंदाजाची पट्टी सहा क्विंटल रुंद आहे, तो २७.२०४ असा लिहून कोणाचेच भले होत नाही.

प्रमाण विचलन आणि प्रमाण त्रुटी यांत माझा नेहमी घोळ होतो.

प्रमाण विचलन प्लॉटाप्लॉटांतला फरक सांगते. ते मातीचे, पाण्याचे, बियाण्याचे असते. प्रयोग वाढवले म्हणून ते कमी होत नाही, फक्त त्याचा अंदाज पक्का होतो. प्रमाण त्रुटी सांगते की तुमची सरासरी खऱ्या सरासरीपासून साधारण किती भरकटू शकते. ही मात्र प्रयोग वाढवले की कमी होते. अहवालात ‘±’ लिहून पुढे या दोघांपैकी कोणता आकडा आहे हे न सांगणे ही फार पसरलेली खोड आहे. आपल्या उदाहरणात एक आकडा ४.३ क्विंटल, दुसरा १.४. वाचणाऱ्याने काय समजायचे?

२.२६२ का? आम्हाला १.९६ शिकवले होते.

खरे प्रमाण विचलन माहीत असेल तर १.९६. इथे ते दहाच आकड्यांवरून अंदाजलेले आहे, आणि तो अंदाजही चुकू शकतो. त्या जादा अनिश्चिततेचा हिशेब डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यातल्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मांडला. टी-वितरण ते हेच.

दहा प्रयोगांना १.९६ वापरले, तर ९५ टक्के म्हणून सांगितलेला अंतराल प्रत्यक्षात सुमारे ९२ टक्के वेळाच खरा ठरतो. चार प्रयोगांना वापरले तर सुमारे ८६ टक्के. नमुना वाढेल तसा टी-तक्त्याचा आकडा १.९६ कडे सरकतो: ४ प्रयोगांना ३.१८२, १० ना २.२६२, ३० ना २.०४५. ‘तीसच्या वर गेले की १.९६ चालते’ हा नियम कागदी तक्त्यांच्या काळातला आहे. आता संगणकाला विचारायचे आणि नेहमीच टी वापरायचा.

९५ टक्के म्हणजे नेमके कशाचे ९५ टक्के?

ही पद्धत वारंवार वापरली, दर वेळी नव्या चिठ्ठ्या टाकून नवा अंतराल काढला, तर शंभरातल्या सुमारे ९५ अंतरालांत खरी सरासरी सापडेल. हमी पद्धतीची आहे. आजचा २४.१ ते ३०.३ हा अंतराल त्या ९५ पैकी आहे की उरलेल्या ५ पैकी, हे कळायला मार्ग नाही. ही मांडणी संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांची. १९३४ मध्ये त्यांनी ती रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे नमुना पाहण्यांच्या संदर्भातच ठेवली आणि १९३७ मध्ये सविस्तर सिद्धांत दिला.

मग ९५ टक्के शेतकऱ्यांचे उत्पादन २४ ते ३० क्विंटलच्या दरम्यान आहे, असे म्हणता येईल ना?

नाही, आणि बैठकांत सर्वाधिक ऐकू येणारी चूक हीच. अंतराल सरासरीचा आहे, शेतांचा नाही. आपल्याच दहा प्लॉटांत १९.२ आणि ३२.४ क्विंटल आहेत, दोन्ही अंतरालाबाहेर. पुढचा एखादा प्लॉट कुठे पडेल हे सांगायचे असेल तर प्रमाण विचलनाला √(१ + १/१०) ने आणि मग २.२६२ ने गुणावे लागते. ती पट्टी १७.० ते ३७.४ क्विंटल येते.

९० किंवा ९९ टक्के घेतले तर?

९० टक्क्यांना २४.७ ते २९.७, ९९ टक्क्यांना २२.८ ते ३१.६. टक्का आधी ठरवा. पट्टी पाहून नंतर सोयीचा निवडू नका.

पट्टी निम्मी करायची तर प्रयोग दुप्पट करायचे का?

सुमारे चौपट. प्रमाण त्रुटीत प्रयोगसंख्येचे वर्गमूळ भाजकात असते. आपल्या मंडळात ± ५ टक्के, म्हणजे ± १.३६ क्विंटल हवे असतील, तर १.९६ धरून (१.९६ × ४.२९ ÷ १.३६) चा वर्ग ३८.२, म्हणजे ३९ प्रयोग. १.९६ च्या जागी टी घातला की ४१. उलट बाजूने पाहा: चारच प्रयोग केले आणि प्रमाण विचलन तेवढेच राहिले, तर ± ६.८ क्विंटल. २०.४ ते ३४.० एवढ्या पट्टीत दुष्काळ आणि सुकाळ दोन्ही मावतात.

गणितात घालायचे विचलन मागच्या हंगामाच्या प्रयोगांवरून घ्या. पाऊस विस्कटलेल्या वर्षी शेताशेतांतला फरक वाढतो, तेव्हा थोडे जास्तच धरा.

एकेका गावात दोन-दोन प्रयोग केले. तरी दहाच धरायचे ना?

इथे सगळ्यात जास्त घसरण होते, म्हणून उत्तर लांबच आहे.

एकाच गावातल्या दोन शेतांना पाऊस तोच, पाट तोच, बहुधा लावणीचा आठवडाही तोच. म्हणून दुसरा प्लॉट पहिल्याने सांगितलेलेच बरेचसे पुन्हा सांगतो. वरचीच दहा वजने पाच गावांत अशी पडली समजा: (४.८, ५.४), (६.२, ६.९), (६.५, ७.३), (७.४, ७.६), (७.८, ८.१). गावांच्या सरासऱ्या ५.१, ६.५५, ६.९, ७.५, ७.९५. एकूण सरासरी पुन्हा ६.८. पण आता स्वतंत्र निरीक्षणे पाच. त्यांचे प्रमाण विचलन १.०९३, प्रमाण त्रुटी १.०९३ ÷ √५ = ०.४८९, स्वातंत्र्य मात्रा ४, टी २.७७६. गुणाकार १.३६ किलो, म्हणजे ५.४ क्विंटल.

तीच वजने, तीच सरासरी, पण पट्टी ± ३.१ नव्हे तर ± ५.४. पहिला अंतराल अरुंद होता तो प्लॉट स्वतंत्र मानल्यामुळे, आणि ते मानणे चूक होते.

नियम सोपा: चिठ्ठी आधी ज्याची निघाली, त्याच एककाची संख्या मोजा. गावे निवडली असतील तर गावे. खर्च तेवढाच असेल तर पाच गावांत दोन-दोन प्रयोगांपेक्षा दहा गावांत एकेक बरा. दोन प्रयोग एका गावात ठेवतात ते प्रवास वाचवायला, त्यात गैर काही नाही. गणितात मात्र तो वाचलेला प्रवास दिसला पाहिजे.

एक प्लॉट पुरात गेला, शून्य आले. तो वगळायचा का?

शेत पिकाखाली नोंदलेले होते आणि चिठ्ठीत निघाले होते, तर शून्यासकट ठेवायचे. ४.८ च्या जागी ० घाला: सरासरी २५.३ क्विंटल, अंतराल १८.५ ते ३२.० होतो. तो प्लॉट काढून टाकला तर उरलेल्या नऊंची सरासरी २८.१. म्हणजे पुराच्या वर्षी मंडळाचे उत्पादन कागदावर वाढले!

वगळायचे फक्त तेव्हाच, जेव्हा मोजणीतच चूक सिद्ध होते: काट्याचे शून्य जुळवले नव्हते, ताडपत्रीसकट वजन केले, दुसऱ्या शेताचा माल मिसळला. ‘आकडा विचित्र दिसतो’ हे कारण पुरेसे नाही. आणि तपासायचेच असेल तर फक्त कमी आकडे नाही, जास्त आकडेही तपासा.

शून्ये बरीच असतील तर वितरण एका बाजूला कलते आणि दहा प्रयोगांवरचा टी-अंतराल सांगितल्याइतका खात्रीचा राहत नाही. उपाय म्हणजे जास्त प्रयोग, किंवा पूरग्रस्त आणि उरलेला भाग असे दोन स्तर करून वेगळे अंदाज.

स्तर केले तर अंदाज एकत्र कसे करायचे?

क्षेत्राच्या प्रमाणात. एका भागात ६००० हेक्टर, सरासरी २७.२, प्रमाण त्रुटी १.३६, दुसऱ्यात २००० हेक्टर, २०.० आणि १.८०. भार ०.७५ आणि ०.२५. एकत्रित सरासरी २५.४. प्रमाण त्रुटीसाठी भार आणि त्रुटी दोन्हींचे वर्ग गुणून बेरीज, मग वर्गमूळ: १.११. साधी सरासरी घेतली असती तर २३.६ आले असते, जे चूक आहे.

निवडलेले शेत आम्ही पोचण्याआधीच कापले गेले. शेजारचे घेतले तर?

पर्यायी शेतही आधीच यादृच्छिक क्रमाने यादीत लिहून ठेवा आणि त्याच क्रमाने घ्या. लवकर कापलेली शेते बहुधा हळव्या वाणांची असतात. ती निसटत गेली तर नमुन्यात गरव्या, म्हणजे उशिरा तयार होणाऱ्या वाणांचीच गर्दी होते. किती शेते बदलली, तेही अहवालात लिहा.

विम्याच्या हिशेबात हा अंतराल कुठे येतो?

येत नाही. पंतप्रधान पीक विमा योजनेच्या सूत्रात प्रयोगांची सरासरी हेच ‘प्रत्यक्ष उत्पादन’ धरले जाई; २०२३ च्या खरिपापासून भातासारख्या पिकांत तिच्यात तंत्रज्ञानाधारित अंदाजही मिसळतात, पण इथे निव्वळ प्रयोगांचाच हिशेब धरू. प्रत्यक्ष उत्पादन उंबरठा उत्पादनातून वजा करून उंबरठ्याने भागतात आणि विमा संरक्षित रकमेने गुणतात. उंबरठा म्हणजे मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी गुणिले जोखीमस्तर (विमा किती टक्के उत्पादनाची हमी देतो तो टक्का).

समजा उंबरठा २९ क्विंटल आणि संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये. सरासरी २७.२ असेल तर भरपाई सुमारे ३,१०० रुपये. पण खरी सरासरी अंतरालाच्या खालच्या टोकाला असेल तर ती सुमारे ८,४०० व्हायला हवी होती, वरच्या टोकाला असेल तर शून्य. एवढी रक्कम नुसत्या चिठ्ठ्यांच्या हातात आहे. म्हणून प्रयोग कमी करण्याच्या प्रस्तावावर बोलताना ‘सरासरी तीच येते’ हा युक्तिवाद अपुरा आहे. पट्टी किती रुंदावेल, हे आधी विचारायला हवे.

अंतराल अरुंद आला, म्हणजे अंदाज बरोबर?

मुळीच नाही. चिठ्ठ्यांमुळे होणारी हालचाल तेवढी अंतराल मोजतो. सैल दोरी, ओले वजन, काठावरची जादा रोपे, सोयीने निवडलेली शेते या चुका दहाही प्लॉटांत सारख्या असतील, तर सगळा अंतरालच उचलून बाजूला जातो आणि त्याची रुंदी फारशी बदलत नाही. प्रयोग वाढवले तर चुकीच्या आकड्याभोवती पट्टी अधिकच घट्ट होते.

एकूण शेतांची संख्या सूत्रात कुठेच नाही, असे कसे?

ती येते √(१ − नमुना ÷ समष्टी) या गुणकातून. हजारो खाचरांतून दहा घेतली तर गुणक जवळजवळ १. दोनशेतली पन्नास घेतली तर ०.८७, तेव्हा जरूर वापरा.

एक्सेलमध्ये कोणती सूत्रे?

सरासरीला ॲव्हरेज, प्रमाण विचलनाला ‘स्टडेव्ह डॉट एस’. ‘स्टडेव्ह डॉट पी’ नको; ते ९ ऐवजी १० ने भागते आणि १.०७३ च्या जागी १.०१८ देते. टी-आकड्यासाठी ‘टी डॉट इन्व्ह डॉट टू टी’ यात ०.०५ आणि ९ घाला. ‘कॉन्फिडन्स डॉट टी’ थेट ±चा आकडा देते, अंतराल नाही. त्याची जुळी ‘कॉन्फिडन्स डॉट नॉर्म’ १.९६ वापरते, ती इथे टाळा. मोजणीच न झालेल्या प्लॉटाचा रकाना रिकामा ठेवा (पुरात गेलेल्याला मात्र शून्यच). शून्य टाकले तर ते उत्पादन धरले जाईल.

दोन मंडळांचे अंतराल एकमेकांत शिरतात. म्हणजे उत्पादनात फरक नाही?

असे ठरवता येत नाही. आपले मंडळ २७.२, प्रमाण त्रुटी १.३६, अंतराल २४.१ ते ३०.३. शेजारचे, तेही दहा प्रयोगांचे, २२.६, प्रमाण त्रुटी १.४०, अंतराल १९.४ ते २५.८. पट्ट्या एकमेकींत शिरतात. पण प्रश्न फरकाचा आहे, तर अंतरालही फरकाचाच काढा: फरक ४.६, त्याची प्रमाण त्रुटी √(१.३६² + १.४०²) = १.९५, स्वातंत्र्य मात्रा १८ ला टी २.१०१, म्हणजे ± ४.१. फरकाचा अंतराल ०.५ ते ८.७ क्विंटल. त्यात शून्य नाही.